बर्फ दाखवायचा नाही

1902 साली कॅनडियन पॅसिफिक रेल्वेच्या पैशांवर काही कॅमेरावाले कॅनडाभर फिरले. ब्रिटनमधल्या माणसांनी उठून कॅनडात यावं, रुळांच्या दुतर्फा पसरलेल्या जमिनी घ्याव्यात, नांगराव्यात आणि पिकलेला गहू अर्थातच त्याच रेल्वेने धाडावा, असा सरळ हिशेब होता. कॅमेरावाल्यांना एक सक्त ताकीद होती: हिवाळ्याचं दृश्य कुठल्याही परिस्थितीत घ्यायचं नाही. 1903 मध्ये लंडनच्या प्रेक्षकांनी ती चित्रं पाहिली. कॅनडात बर्फ पडतो हे त्यांच्या कानावर असणारच, पण वर्षातले चार-पाच महिने सगळं गोठवून टाकणारा तो हिवाळा पडद्यावर उमटू नये याची व्यवस्था आधीच केलेली होती.

त्यात खोटं काहीच नव्हतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेतं खरी, माणसं खरी, नद्या खऱ्या. कॅमेऱ्यासमोर कुणी सोंग काढलं नाही तरी चालणार होतं. फक्त एक ऋतू वजा केला की काम भागत होतं.

मी चित्रपट संकलक आहे. गेली बरीच वर्षं माझ्या पोटापाण्याचा मोठा हिस्सा प्रायोजित चित्रपटांतून येतो, आणि त्यातही खेळ आणि निसर्गरम्य प्रदेश यांची जोडी असलेल्या चित्रपटांतून. डोंगरातून धावणारी माणसं, नदीच्या उसळत्या पाण्यात कयाक घालणाऱ्या मुली, कड्यावर नखाएवढ्या खाचेत बोटं रुतवून लटकलेला गिर्यारोहक. पैसे कधी बूट बनवणारी कंपनी देते, कधी पेयाची, कधी त्या प्रदेशाचं पर्यटन खातं. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते बाहेरून दगड मारणाऱ्याचं लिखाण नाही. या घराच्या काचा मीच पुसतो.

अशा कामाची रीत ठरलेली असते. आधी ब्रीफ येतं, म्हणजे प्रायोजकाला काय हवं त्याचं टिपण. त्यात 'अस्सल', 'प्रेरणादायी' आणि 'साहस' हे तीन शब्द असतातच. मग बजेट, मग खेळाडू, मग खेळाडूच्या आधीच्या प्रायोजकांची यादी, कारण हेल्मेटवर एक नाव आणि छातीवर त्याच्याच स्पर्धकाचं नाव असं झालं तर वकील जागे होतात. चित्रीकरण आठवड्याभराचं, त्यातला खरा उपयोगी प्रकाश सकाळ-संध्याकाळ मिळून रोज दीड-दोन तासांचा. ते फूटेज माझ्या टेबलावर येतं आणि मी पहिलं कच्चं संकलन करून पाठवतो. परत येतात त्या सूचना. मला या सूचनांचा एक संग्रह करायचा आहे. 'आकाश जरा आनंदी करता येईल का?' 'ती दमलेली दिसते, ती ताजीतवानी दिसावी.' 'मागचा विजेचा टॉवर काढा.' 'गुरांचं शेण दिसतंय.' 'गावातली माणसं छान आहेत, पण थोडी कमी करा.'

पर्यटन खात्याच्या पैशांवर काढलेला, एका दरीतल्या सायकल शर्यतीवरचा चित्रपट माझ्याकडे आला होता. सहा दिवसांचं चित्रीकरण, त्यातले चार दिवस मुसळधार पाऊस. पाऊस पडला म्हणूनच ती शर्यत पाहण्यासारखी झाली होती. उतारावर ब्रेक लागत नव्हते, चेहऱ्यांवर चिखलाचे मुखवटे चढले होते. एका स्वाराची चेन तुटली तेव्हा तो सायकल खांद्यावर घेऊन शेवटचा टप्पा चालत आला. त्या वेळी रस्त्यावर टाळ्या वाजवायलाही कुणी उरलं नव्हतं. मी तो एक शॉट जवळजवळ मिनिटभर अखंड ठेवला. मंजुरीच्या तिसऱ्या फेरीनंतर जो चित्रपट बाहेर पडला तो दोन कोरड्या दिवसांचा होता. हिरवी दरी, निळं आकाश, हसरे स्वार. तिथे पावसाळ्यात जाणाऱ्या माणसाने तो पाहिला तर त्याला वाटेल की आपण चुकीच्या दरीत आलो.

आता लगेच काही मित्र म्हणतील, मग प्रायोजक नकोच. त्यांच्याशी माझं पटत नाही. खेळ, प्रवास आणि त्यांची चित्रं यांच्या इतिहासातून व्यापाऱ्याला वजा केलं तर हातात फार थोडं उरतं. टायर खपावेत म्हणून मिशेलिन बंधूंनी 1900 मध्ये प्रवासमार्गदर्शिका छापली आणि हजारो प्रती फुकट वाटल्या. तेव्हा फ्रान्समध्ये मोटारी इतक्या थोड्या होत्या की आधी माणसाला घराबाहेर काढणं भाग होतं. तीन वर्षांनी 'लोटो' नावाच्या क्रीडा दैनिकाने आपला खप वाढावा म्हणून देशभर फिरणारी सायकल शर्यत काढली. ती 'टूर द फ्रान्स'. वृत्तपत्राचा खप दुपटीहून जास्त झाला आणि प्रतिस्पर्धी दैनिक पुढच्याच वर्षी बंद पडलं. आघाडीवरच्या स्वाराला 1919 पासून मिळणारी पिवळी जर्सी म्हणजे त्या दैनिकाच्या पिवळ्या कागदाची आठवण, आणि इटलीतल्या शर्यतीची गुलाबी जर्सी तिथल्या क्रीडा दैनिकाच्या गुलाबी कागदाची. खेळातल्या सर्वोच्च सन्मानाचा रंगच मुळात जाहिरातीचा आहे आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

आजही जुलैत ही शर्यत दूरदर्शनवर पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना गिअरमधलं ओ की ठो कळत नाही. ते किल्ले, द्राक्षमळे, डोंगरातली वळणं बघत बसतात. हेलिकॉप्टर स्वारांना सोडून मधेच एखाद्या जुन्या मठाभोवती गिरकी घेतं आणि समालोचक त्याचा इतिहास वाचून दाखवतो. टप्पा आपल्याकडून सुटावा किंवा आपल्याकडे संपावा म्हणून गावं आयोजकांना पैसे मोजतात. तीन आठवडे चालणारा हा जगातला सगळ्यात लांबलचक प्रायोजित प्रवासपट आहे असं मी म्हणतो, आणि मीही तो आवडीने पाहतो.

म्हणजे पैसा कुणाचा यावर माझं भांडण नाही. भांडण आहे ते शेवटच्या कात्रीवर. आमच्या धंद्यात तिला 'फायनल कट' म्हणतात. करारात ती एका ओळीत येते: 'अंतिम मंजुरीचा अधिकार प्रायोजकाकडे राहील.' चित्रपट माहितीपट आहे की जाहिरात हे ही ओळ ठरवते. आणि प्रेक्षकाला दिसत नाही ती नेमकी हीच.

कात्री दिग्दर्शकाकडे दिली की सगळं आपोआप स्वच्छ होतं, इतकं मात्र सोपं नाही. इथे रॉबर्ट फ्लाहर्टी आठवतो. माहितीपटाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याच्या 1922 सालच्या, बर्फाळ उत्तरेतल्या इन्युइट लोकांवरच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'ला फरचा व्यापार करणाऱ्या रेव्हियाँ फ्रेर या कंपनीने पैसे दिले होते. ज्या माणसांना बंदुका ठाऊक होत्या त्यांना त्याने भाल्यांनी शिकार करायला लावलं. प्रकाश आत यावा म्हणून इग्लूची एक बाजू उघडी ठेवली. हे फर कंपनीने सांगितलं नव्हतं, त्याला स्वतःलाच ते जुनं, निर्मळ जग हवं होतं. पुढे 1948 मध्ये त्याने 'लुइझियाना स्टोरी' केला. पैसे स्टँडर्ड ऑइलचे. कंपनीने त्याला मोकळा हात दिला, हक्क त्याच्याकडेच ठेवले आणि पडद्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. इतका दिलदार प्रायोजक मला आजवर भेटलेला नाही. आणि चित्रपटात काय आहे? दलदलीच्या अरण्यात होडीतून फिरणारा एक मुलगा, तेलविहीर खोदायला आलेली भली माणसं, आणि शेवटी काम आटोपून निघून जाणारा डेरिक, म्हणजे विहीर खोदणारा मनोरा. मागे अरण्य होतं तसंच. छायाचित्रण अप्रतिम आहे, संगीताला पुलित्झर मिळालं. पण तेल कंपनीला कात्री चालवावी लागली नाही, कारण तिला हवं ते कलावंताने आपण होऊन दिलं होतं.

स्वतःच्या हाताने केलेली ही काटछाट मला जास्त भिववते, कारण ती मी करतो. आता ब्रीफ वाचल्यावर विजेचा टॉवर असलेला शॉट मी मुळात निवडतच नाही. कुणी सांगायची गरज उरलेली नाही. सूचनांच्या फेऱ्या तीनवरून एकीवर आल्या म्हणून मला कार्यक्षम संकलक समजतात.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे आणि ते मला उत्साह देतं. ब्रिटिश रेल्वेसाठी 1949 मध्ये एक चित्रपट विभाग उभा राहिला. त्याचं काम उघडच प्रचाराचं: रेल्वेने फिरा, आमचा किनारा बघा, आमचे डोंगर बघा. याच विभागासाठी जॉन श्लेसिंजर या तरुण दिग्दर्शकाने 1961 मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकातल्या एका दिवसावर 'टर्मिनस' केला. त्यात हरवलेलं, हमसून रडणारं एक पोर आहे, बेड्या घातलेले कैदी आहेत, वाट पाहून आंबलेले चेहरे आहेत. (पोर ठरवून रडवलं होतं हे नंतर उघड झालं, म्हणजे सत्याच्या बाबतीत इथेही सगळं आलबेल नव्हतंच.) पण आपल्याच स्थानकात पोर हरवतं आणि रडतं, हे एका रेल्वेने आपल्याच पैशांनी दाखवलं. त्या स्थानकावर माझा विश्वास बसतो. आनंदी आकाश मागणाऱ्या खात्यांना मला हेच सांगायचं असतं, पण मीटिंगमध्ये सांगायला वेळ मिळत नाही.

खेळाकडे वळलं की कात्रीचा प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण इथे कॅमेरा घडणाऱ्या गोष्टीलाच हात घालतो. 14 ऑक्टोबर 2012 रोजी फेलिक्स बाउमगार्टनरने सुमारे 39 किलोमीटर उंचीवरून उडी मारली आणि पडता पडता ध्वनीचा वेग ओलांडला. रेड बुल या पेयकंपनीने सगळा घाट घातला होता. यूट्यूबवर एकाच वेळी 80 लाखांहून जास्त लोक ते पाहत होते. दोन वर्षांनी, 24 ऑक्टोबर 2014 रोजी, ॲलन युस्टेस नावाच्या संगणकतज्ज्ञाने 41 किलोमीटरहून जास्त उंचीवरून उडी घेऊन तो उंचीचा विक्रम मोडला. तो गूगलमध्ये मोठ्या पदावर होता. कंपनी मदत करायला तयार होती, पण आपली उडी जाहिरातीचा कार्यक्रम होईल या धास्तीने त्याने ती नाकारली आणि जवळपास गुपचूप काम उरकलं. आता कुणालाही विचारा, अंतराळाच्या काठावरून उडी मारणारा माणूस कोण? दहाजणांपैकी नऊजण पहिल्याचं नाव घेतील, दहावा विचारात पडेल. विक्रम कुणाचा हे मोजमाप ठरवतं, पण आठवणीत कोण राहील हे चित्रीकरणाच्या बजेटवर ठरतं. बाउमगार्टनरच्या धाडसाला यातून तसूभरही कमीपणा येत नाही. खेळ म्हणून आपल्यापर्यंत काय पोचतं याची निवड कुणीतरी आधीच केलेली असते, एवढंच.

कात्री उलटीही फिरते. 2014 मध्ये क्लिफ बार या खाद्यकंपनीने पाच गिर्यारोहकांचं प्रायोजकत्व एकदम काढून घेतलं. त्यांत दोराशिवाय चढणारा ॲलेक्स हॉनल्ड होता, डीन पॉटर होता. कारण दिलं ते असं की यांचा धोका पत्करणं कंपनीला आता मानवत नाही. गंमत अशी की याच मंडळींची दोराविना चढाई आणि कड्यांवरच्या उड्या दाखवणारा जो चित्रपट तेव्हा गावोगाव फिरत होता, त्याच्या प्रायोजकांत हीच कंपनी होती. पुढच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात कड्यावरून उडी घेताना पॉटर गेला. कंपनीने आधीच हात काढला ते बरोबर की वर्षानुवर्षं त्याच धाडसावर आपलं नाव मिरवलं ते चूक, यावर गिर्यारोहकांत पुष्कळ वाद झाले. मला दोन्ही बाजू पटतात. धोका विकत घेणाऱ्याने कधीतरी थांबावं, हे योग्यच. पण ज्या पोराने आधीच्या पाच वर्षांत त्या कंपनीचे चित्रपट बघून दोर सोडला, त्याला ही माघार कुणी कळवली?

आणि कॅमेरा नसता तर जे घडलंच नसतं, असा एक वर्ग आहे. अमेरिकेत ट्रेव्हर जेकब या यूट्यूबरने नोव्हेंबर 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय वनावर आपलं छोटं विमान हवेत सोडून दिलं आणि पॅराशूटने उडी मारली. सगळीकडे कॅमेरे लावलेले. इंजिन बंद पडलं असा देखावा केला, नंतर विमानाचे अवशेष नाहीसे केले. चित्रफितीला प्रायोजक होता, पैशांचं पाकीट विकणारा. त्याचा परवाना रद्द झाला आणि 2023 च्या डिसेंबरात त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पाकिटासाठी विमान पाडणं ही टोकाची गोष्ट, मान्य. पण 'आणखी एकदा करता का, लोगो नीट आला नाही' हे वाक्य मी हेडफोनवर कितीतरी वेळा ऐकलं आहे. खेळाडू मान डोलावतो आणि पुन्हा वर चढतो. पहिल्यांदा तो स्वतःसाठी चढलेला असतो.

प्रदेशाचं काय होतं? खेळाडूच्या करारावर निदान त्याची सही असते. डोंगराची नसते, पायथ्याच्या गावाचीही नसते. नॉर्वेत ट्रोलटुंगा नावाचा जिभेसारखा पुढे आलेला खडक आहे. 2010 मध्ये तिथे वर्षाला 800 च्या आसपास माणसं जात, 2016 मध्ये 80,000 गेली. जाऊन-येऊन 27-28 किलोमीटरची, दहा-बारा तासांची चाल आहे आणि साधे बूट घालून निघालेल्यांना खाली आणायला बचावपथकं पुन्हा पुन्हा धावतात. प्रत्येक छायाचित्रात खडकाच्या टोकावर एकटा माणूस असतो. त्या एकटेपणासाठी मागे लागलेली रांग चौकटीबाहेर असते. एका लोकप्रिय गायकाच्या 2015 सालच्या चित्रफितीत आइसलँडची फ्याद्रारग्ल्युफुर नावाची घळ दिसली. त्यानंतर तिथलं शेवाळ तुडवून इतकं उखडलं की 2019 मध्ये ती काही काळ बंद ठेवावी लागली. थायलंडच्या माया बे या खाडीत चित्रित झालेला हॉलीवूडचा चित्रपट 2000 मध्ये आला. त्यासाठी किनाऱ्यावरची वाळू आणि झाडं हलवल्याबद्दल खटला वर्षानुवर्षं चालला. पुढे पर्यटकांच्या लोंढ्याने प्रवाळ मोडकळीला आलं आणि जून 2018 पासून जानेवारी 2022 पर्यंत ती खाडी पूर्ण बंद ठेवली. माणसं थांबल्यावर काळ्या पंखाचे शार्क पुन्हा उथळ पाण्यात दिसू लागले.

यातली एकही गोष्ट पर्यटन खात्याच्या प्रायोजित चित्रपटाने घडवलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एक गाणं, एक काल्पनिक चित्रपट आणि बाकी सामान्य माणसांचे फोन. मग जो चित्रपट माणसं खेचून आणायलाच काढला आहे, त्याच्या यशाचं मोजमाप काय असावं? आमच्या अहवालांत ते 'व्ह्यूज' असतं आणि फार तर पुढच्या हंगामातली आरक्षणं. वाट किती माणसं झेलू शकते, पाणी कुठून येतं, कचरा कोण उचलतं, यासाठी तक्त्यात रकाना नाही. म्हणून माझं मत असं की सार्वजनिक पैशांवर एखाद्या जागेचा चित्रपट निघत असेल, तर त्या जागेला किती माणसं झेपतात हे आधी ठरावं आणि चित्रपटात ते यावं. 'या वाटेला परवाना लागतो', 'अमुक महिन्यांत ही वाट बंद असते', एवढं म्हणायला तीन सेकंद पुरतात. लोगोला आम्ही पाच देतो.

कायदा काय म्हणतो? पैसे घेऊन बोलत असाल तर तसं सांगा, हा नियम नवा नाही. अमेरिकेत 1927 च्या रेडिओ कायद्यापासून प्रायोजकाचं नाव घोषित करणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये 2011 पासून दूरचित्रवाणीवर पैसे घेऊन वस्तू दाखवल्या तर कोपऱ्यात 'पी' अक्षर झळकवावं लागतं. आता समाजमाध्यमांवरही 'सशुल्क भागीदारी' अशी पट्टी दिसते. ही पट्टी नको असं मी मुळीच म्हणणार नाही. नाव लपवण्यातून काय होतं याचा सगळ्यात मोठा दाखला क्रीडापटाच्याच इतिहासात आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा लेनी रिफेनश्टालचा 'ऑलिंपिया' 1938 मध्ये आला तो एका खासगी वाटणाऱ्या कंपनीच्या नावाने. ती कंपनी केवळ नावापुरती होती. पैसा नाझी सरकारचा होता आणि तो सरकारचा दिसू नये हाच तिचा उद्देश. खेळाडूंच्या शरीरांचं इतकं देखणं चित्रण पाहून जगभरच्या प्रेक्षकांनी माना डोलावल्या. क्रीडा छायाचित्रणाची आजची अर्धी भाषा तिथून आली आहे. मी स्वतः तिच्यातले शब्द वापरतो, आणि ते वापरताना मला फार बरं वाटतं असं नाही.

तर नाव हवंच. पण नाव पुरत नाही, कारण सवय झालेल्या डोळ्याला कोपऱ्यातली पट्टी दिसेनाशी होते, आणि दिसली तरी तिच्यातून कळतं ते एवढंच की पैसे दिले गेले. वैद्यकीय नियतकालिकांनी या बाबतीत आमच्या कितीतरी पुढचा विचार केलेला आहे. औषधकंपनीच्या पैशाने झालेल्या चाचणीचा निबंध छापताना तिथे 'पैसे देणाऱ्याची भूमिका' असा वेगळा परिच्छेद लागतो: चाचणीची आखणी, माहितीचं विश्लेषण, लेखन, छापायला पाठवण्याचा निर्णय, यांत कंपनीचा हात होता की नव्हता. कारण त्या मंडळींना अनुभवाने कळलं होतं की लबाडी आकड्यांत क्वचित असते, न छापलेल्या चाचण्यांत असते. न दाखवलेला हिवाळाच तो.

तसाच परिच्छेद चित्रपटाच्या शेवटी का असू नये? अंतिम मंजुरी कुणाची होती. चित्रीकरण किती दिवस, कुठल्या महिन्यात झालं. प्रायोजकाच्या सांगण्यावरून काही वगळलं का. काही प्रसंग कॅमेऱ्यासाठी पुन्हा करवून घेतले का. चार ओळी, श्रेयनामावलीत सहज मावतील अशा. यावर निर्मात्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: प्रायोजक पळून जातील. काही जातील. पण वॉटर्लू स्थानकातलं रडणारं पोर सहन करणारा प्रायोजक एके काळी होता, आणि त्याची तिकिटं खपायची थांबली नाहीत. शिवाय प्रायोजक हा एकच रस्ता आहे असंही नाही. वॉरन मिलर नावाचा माणूस 1950 पासून दरवर्षी एक स्कीइंगचा चित्रपट काढायचा आणि शहरोशहरी सभागृह घेऊन, मंचावर उभा राहून स्वतःच त्याचं निवेदन करायचा. लोक तिकीट काढून यायचे. आज त्या वाटेने घर चालवणं अवघड आहे हे मला माझ्या भाड्यावरून कळतं. पण प्रेक्षकाने दिलेले थोडे पैसे प्रायोजकाच्या पुष्कळ पैशांशेजारी ठेवले तरी मंजुरीच्या खोलीत बसणाऱ्यांच्या खुर्च्या जरा हलतात.

दुसरं उत्तर जास्त चलाख असतं: प्रेक्षकाला सगळं माहीत आहे, तो काही बावळट नाही. बरोबर आहे, 1903 मधल्या लंडनकरालाही कॅनडातली थंडी माहीत होतीच. पण माहीत असणं निराळं आणि डोळ्यांपुढे असणं निराळं. माणूस जमीन घ्यायला निघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गहू असतो.

आता चक्र उलटं फिरलं आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पर्धांसाठीचा जवळपास सगळा बर्फ यंत्रांनी तयार केलेला होता. वरून घेतलेल्या दृश्यांत कोरड्या, तपकिरी डोंगरावर चुन्याने ओढल्यासारखा एकच पांढरा पट्टा दिसे. कॅमेरा खाली आला, लेन्स बदलली की चौकट पांढरी भरून जाई. हिवाळी खेळांचे चित्रपट करणारे माझे सहकारी सांगतात की त्यांच्या ब्रीफमध्ये आता बर्फाची खोली दिसेल असे शॉट आवर्जून मागितलेले असतात आणि तपकिरी उतार टाळायला सांगितलेलं असतं. प्रायोजकांत मोटारी आणि विमानकंपन्या असतात, हा तपशील मी उगाच देतो आहे असं समजा.

त्या सायकल शर्यतीचं फूटेज अजून माझ्याकडे एका हार्ड डिस्कवर आहे. करारानुसार मालकी त्यांची, सांभाळणं माझं. वर्षभरानंतर मी पर्यटन खात्याला मेल लिहिली. चार पावसाळी दिवसांचा एक छोटा चित्रपट फुकट करून देतो, सायकल खांद्यावर घेऊन चालत आलेल्या माणसाचा तो शॉट वाया जायला नको, असं काहीतरी. उत्तर दोन दिवसांत आलं, सौजन्यपूर्ण होतं. शॉट सगळ्यांना फार आवडला होता, असं त्यात लिहिलं होतं. फक्त त्यातला पाऊस काढता येईल का, असं विचारलं होतं.

हल्ली येतो काढता. एका दुपारचं काम आहे. मी वेळ नाही असं कळवलं.